ट्रेखालची परात आणि विहिरीतलं निळं पाणी

मागच्या अंकात मी मोसंबीच्या रोपांवर कलमाचे डोळे कसे भरायचे ते लिहिलं होतं. उत्तरादाखल पत्रं आली ती मात्र जवळजवळ सगळी पाण्याची. फाल्गुन संपत आलाय, आमच्या अंबड भागात विहिरींनी तळ दाखवायला सुरुवात केलीय, तेव्हा नवल नाही. म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न मागे ठेवले आणि फक्त पाण्याचे घेतले. मी शास्त्रज्ञ नाही. सासऱ्यांनी लावलेली मोसंबीच्या कलमांची रोपवाटिका गेली सत्तावीस वर्षं चालवतेय आणि शेजारी भाजीपाल्याच्या रोपांचं शेडनेट आहे. जे सांगते ते त्यातलंच.

प्रश्न: ताई, घनसावंगी तालुक्यात माझं १० गुंठ्यांचं शेडनेट आहे. मिरची, टोमॅटो, टरबुजाची रोपं करतो. मार्च लागला की बोअर गुळण्या मारायला लागतो, पाणी पुरत नाही. पाणाड्याने दोन जागा दाखवल्यात, ६०० फुटांपर्यंत जा म्हणतो. नवा बोअर घेऊ की शेततळं करू?

भाऊ, बोअरचं जरा बाजूला ठेवा. तुमच्या पूर्ण पत्रात पाणी पुरत नाही असं तीनदा आलंय, पण रोज किती लिटर लागतं ते एकदाही नाही. मलाही पंधरा वर्षं ते माहीत नव्हतं. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्याच्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. त्या वर्षी टँकरचं पाणी विकत घ्यायची वेळ आली, तेव्हा कुठे मी बादली आणि घड्याळ घेऊन उभी राहिले.

तुम्हीही उद्या सकाळी तेच करा. ज्या पाइपने रोपांना पाणी देता तो २० लिटरच्या बादलीत सोडा आणि किती सेकंदात भरते ते बघा. माझी ४० सेकंदांत भरली, म्हणजे मिनिटाला ३० लिटर. बाई अडीच तास पाणी द्यायची. झाले ४,५०० लिटर. आता दुसरं काम. बाकड्यावरच्या चार-पाच ट्रेंच्या खाली घरातल्या पराती ठेवा, रोजच्यासारखं पाणी द्या आणि अर्ध्या तासाने परातीतलं पाणी मोजा. आमच्याकडे ट्रेवर पडलेल्या प्रत्येक लिटरमागे पाव ते अर्धा लिटर परातीत उतरत होतं. दोन ट्रेंच्या मधल्या फटीतून आणि वाटेवर पडणारं पाणी वेगळंच. त्या दिवशी मी कोणाला रागावले नाही, कारण पाइप तसाच लावून मीच दिला होता.

त्यानंतर तीन गोष्टी केल्या. पाइपला चापाने बंद होणारा बारीक झारीचा शॉवर लावला, त्यामुळे एका बाकड्यावरून दुसऱ्याकडे जाताना धार बंद राहते. ट्रे एकमेकांना खेटून लावले. आणि पाण्याची वेळ घड्याळाऐवजी हाताने ठरवली. १०४ कप्प्यांचा ट्रे एका हाताने उचलून पाहायचा, हलका लागला तरच पाणी. कोकोपीट, म्हणजे ट्रेत भरतो तो नारळाच्या काथ्याचा भुसा, मुठीत दाबल्यावर बोटांच्या फटीत ओल दिसली तर त्याला अजून दोन-तीन तास काही नको. महिनाभरात आम्ही ३,००० लिटरवर आलो, आणि रोपं आधीपेक्षा ठेंगणी आणि दणकट झाली. जास्त पाण्याने रोप नुसतं उंच होतं आणि शेतात लावलं की मान टाकतं, हे तुमचे गिऱ्हाईकही सांगतील.

आता बोअर. आपल्याखाली काळा पाषाण आहे. त्यात पाणी साठतं ते भेगांत आणि सांध्यांत. ६०० फुटांवरची भेग लागली तरी ती बहुतेक शेजाऱ्याच्या भेगेलाच जोडलेली असते. तुमचा बोअर चालू झाला की त्याचा आटतो, मग तो ७०० फूट जातो. आमच्या वस्तीवर हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि त्यात भावाभावांचं बोलणं बंद झालेलं पाहिलंय. माझं मत स्पष्ट आहे, बोअर घेऊ नका.

शेततळं करा, पण पावसाच्या पाण्याने भरायचं म्हणून करा. बोअरचं पाणी उपसून तळ्यात साठवण्याची जी पद्धत आपल्याकडे पडलीय, ती मला सहन होत नाही. जमिनीखाली सावलीत राहिलेलं पाणी आपणच वर काढतो आणि उन्हात वाळत ठेवतो. मे महिन्यात उघड्या तळ्यातून दिवसाला एक सेंटिमीटरच्या आसपास पाणी उडून जातं. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद तळ्याचा हिशेब केला तर ते झाले दिवसाला ९,००० लिटर. म्हणजे माझ्या शेडनेटला तीन दिवस पुरेल एवढं पाणी एका दिवसात हवेत.

तुमच्यासाठी १५ बाय १५ मीटरचं, ३ मीटर खोल तळं पुरे. कडांचा उतार एकास एक ठेवला तर त्यात साधारण ४ लाख ४० हजार लिटर मावतात. प्लास्टिकचं अस्तर घाला, ओढ्याचं पाणी आत घेण्याआधी गाळ बसायला एक खड्डा ठेवा, आणि वरून तारांवर जुनं शेडनेट ताणा. जुनं नेट तुमच्याकडे पडलेलं असेलच. तळ्याला चारी बाजूंनी कुंपण हवं आणि आत गाठी मारलेला दोर सोडलेला हवा. अस्तर निसरडं असतं, त्यातून माणसाला वर येता येत नाही. हे मी प्रत्येकाला सांगते आणि प्रत्येक वेळी सांगणार.

शेडनेटच्या छतावरून पाणी गोळा होत नाही, पाऊस त्यातून खाली गळतो. पण ट्रे भरायच्या शेडचे पत्रे, आखाड्याचे पत्रे, घराचं छत आहेच. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. २०० चौरस मीटर पत्र्यावर ७०० मिलिमीटर पाऊस पडला आणि पाचवा हिस्सा वाया गेला असं धरलं, तरी १ लाख लिटरच्या वर पाणी येतं. ज्यांच्याकडे १० गुंठ्यांचं पॉलिहाऊस आहे त्यांना याच हिशेबाने साडेपाच लाख लिटर मिळतात, आणि पन्हळींचं पाणी ते ओढ्याला सोडून देतात. मृगाचा पहिला पाऊस मात्र टाकीत घेऊ नका, छतावरची धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा त्यात असते.

प्रश्न: पाणी सकाळी द्यावं की संध्याकाळी? आमच्याकडे लाईट रात्रीची असते. (परतूर)

सकाळी, ऊन चढायच्या आत. संध्याकाळी पानं ओली राहिली की रात्रीत करपा आणि मर पसरायला वाव मिळतो. रात्रीच्या लाईटवर टाकी भरून ठेवा आणि सकाळी टाकीतून द्या. टाकी उंचावर असेल तर मोटरही लागत नाही.

प्रश्न: आमच्या मोसंबीच्या रोपवाटिकेला लागून चुलत्यांची विहीर आहे. ते म्हणतात, तुमच्या खतांचं पाणी माझ्या विहिरीत उतरतं. आम्ही फवारणी तर विहिरीपासून लांब करतो. खरंच असं होतं का? (बदनापूर तालुका)

होतं. काका उगीच बोलत नाहीत. या प्रश्नाला मी जरा जास्त जागा देणार आहे, कारण हे मी स्वतः केलेलं आहे.

माझ्याकडे विहिरीवर साधी मोनोब्लॉक मोटर होती. आपल्याकडे खूप जण करतात तसं मीही सक्शन पाइपला बारीक नळी जोडून तिचं दुसरं टोक औषधाच्या ड्रममध्ये सोडायची. मोटर चालू झाली की पाण्याबरोबर औषधही ओढलं जायचं, वेगळं काही घ्यायला नको. कलमांना डिंक्या, म्हणजे बुंध्यातून डिंक गळण्याचा रोग, येऊ नये म्हणून कॉपर ऑक्सिक्लोराईडची आळवणी चालू होती, म्हणजे औषधाचं पाणी मुळाशी ओतणं. अर्धा ड्रम संपला आणि लाईट गेली. सक्शन पाइपच्या बुडाशी पाणी परत उतरू न देणारा फूट व्हॉल्व्ह असतो, तो गळका होता, हे मला ठाऊक होतं, पुढच्या आठवड्यात बदलू म्हणत होते. मोटर थांबल्यावर सक्शन पाइपमधलं पाणी विहिरीत परत उतरू लागलं, आणि त्याने नळीतून ड्रमही ओढून घेतला. सकाळी विहिरीच्या पाण्यावर निळसर हिरवी साय होती.

त्या विहिरीवर वस्तीतली सहा घरं प्यायचं पाणी भरायची. मी प्रत्येक दारात जाऊन सांगितलं, पाणी भरू नका, माझ्याकडून हे झालंय. आठ दिवस विहीर उपसली आणि सहा घरांना टँकर आणून दिला. पाणी तपासून घेईपर्यंत कोणी तोंडाला लावलं नाही. एका घरात बाळंतीण होती. तिच्या सासूने माझ्याकडे पाहिलं ती नजर मला आजही आठवते.

तेव्हा पहिलं काम हे करा. सक्शनला नळी जोडलेली असेल तर आज काढा. खत किंवा औषध द्यायचं ते विहिरीतून सरळ येणाऱ्या पाण्यात नको. आधी पाणी टाकीत घ्या. टाकीत पाणी वरून पडेल आणि पाइपचं तोंड पाण्याच्या पातळीच्या वीतभर वर राहील असं ठेवा. तिथे हवेचं अंतर आलं की काहीही मागे ओढलं जाऊ शकत नाही. मग टाकीपासून पुढे व्हेंच्युरी लावा, म्हणजे वाहत्या पाण्याच्या ओढीने खत आत घेणारी नळी. हे जमत नसेल तर मोटर आणि व्हेंच्युरी यांच्यामध्ये चांगला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा आणि दर हंगामाला तो उघडून पाहा, कचरा अडकला की तो बंद होत नाही. मोटर ऑटोवर टाकून खत सोडू नका. खत चालू आहे तोवर माणूस जवळ हवा.

दुसरं, रोजचं गळणं. ते निळं दिसत नाही म्हणून कोणी घाबरत नाही. युरिया किंवा १९:१९:१९ या पाण्यात विरघळणाऱ्या खतातलं नत्र शेवटी नायट्रेट होतं, आणि नायट्रेटला माती धरून ठेवत नाही. पाणी जाईल तिकडे ते जातं. काळ्या मातीखाली मुरूम, मुरमाखाली भेगांचा पाषाण, आणि भेगेच्या टोकाला काकांची विहीर. प्यायच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावं, असं भारतीय मानक सांगतं. त्यापेक्षा जास्त असलेल्या पाण्यात वरचं दूध कालवून तान्ह्या बाळाला दिलं, तर त्याचं रक्त प्राणवायू नीट वाहून नेत नाही आणि अंग निळं पडू शकतं. पाणी उकळून हे जात नाही. उलट पाणी आटतं आणि नायट्रेट दाट होतं. पाण्याला वासही येत नाही, चवही नाही. म्हणून दोन्ही विहिरींचं पाणी तपासून घ्या. आमच्या जिल्ह्यात खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करता येईल. तुम्ही स्वतः काकांची बाटली भरून न्या, त्याने अर्धं भांडण तिथेच मिटेल.

गळणं कमी करायचं तर पुन्हा परातच. पिशवीतल्या कलमाखाली ताटली ठेवून बघा. दिलेल्या पाण्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा फार जास्त खाली येत असेल तर तुम्ही खत विकत घेऊन काकांच्या विहिरीत टाकताय. खत एकदम मूठभर नको, पातळ करून थोडं थोडं द्या. आणि मोठा पाऊस दिसत असेल त्या दिवशी अजिबात नको.

औषध कालवायची जागा विहिरीपासून लांब आहे म्हणता, पण ती उताराच्या वरच्या अंगाला तर नाही ना? तिथे फरशी आणि चारी बाजूंनी वीतभर वरंबा करा. रिकामी बाटली तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओता, मग बाटलीला भोकं पाडा, म्हणजे कोणी तिच्यात तेल भरणार नाही. पंप धुतलेलं पाणीही पिकावरच फवारायचं. ओढ्यात पंप विसळताना दिसलेल्या माणसाला मी अजूनही थांबवते.

आणि रोपवाटिकेच्या खालच्या टोकाला एक चर काढा. माझ्या चरात कर्दळ आणि पाणकणीस लावलंय. गाळ तिथे बसतो, खताचा बराच भाग त्यांची मुळं घेतात, आणि उरलेलं पाणी पुढे बांबूच्या रांगेला जातं. कर्दळीचे कंद शेजारणी मागून नेतात. काकांनाही द्या.

प्रश्न: गळलेलं पाणी गोळा करून परत रोपांनाच द्यायचं म्हणतो. तीन बाकड्यांखाली कागद अंथरलाय आणि टाकीत पाणी येतंय. पण मागच्या वर्षी ते दिल्यावर टोमॅटोची रोपं बुडातून कोलमडली. कुठे चुकलं? (सेलू)

दादा, कल्पना चांगली आहे, सोडू नका. पण एका ट्रेतला रोग तुम्ही पाण्यात कालवून सगळ्या ट्रेंना वाटला. रोपं कोलमडवणारी पिथियम आणि आमच्या मोसंबीला डिंक्या लावणारी फायटोफ्थोरा, या दोन्ही बुरश्यांचे बीजाणू पाण्यात पोहतात. मोसंबीत तर धोका आणखी मोठा. रोपवाटिकेत कलम हिरवंगार दिसतं, रोग मुळाशी बसून शेतकऱ्याच्या बागेत जातो आणि काही वर्षांनी झाडाच्या बुंध्यातून डिंक गळायला लागतो. तोवर आपलं बिल कधीच फिटलेलं असतं. म्हणून मी गोळा केलेलं पाणी कलमांना देत नाही, बांबूलाच देते.

भाजीच्या रोपांसाठी वाळूची संथ गाळणी करा. एक मीटर व्यासाची सिमेंटची कडी एकावर एक ठेवून दीड मीटर उंचीचं टाकं करा. तळाला वीतभर खडी, तिच्यावर ८० सेंटिमीटर बारीक धुतलेली वाळू, आणि वाळूवर कायम हातभर पाणी. वरून पाणी सोडायचं ते तासाला १०० लिटरच्या आसपास, घाई नाही. वाळूच्या वरच्या थरात दोन-चार आठवड्यांत सूक्ष्मजीवांचा चिकट पापुद्रा तयार होतो. पिथियम आणि फायटोफ्थोरा अडवायचं मोठं काम तोच करतो. म्हणून ही गाळणी कोरडी पडू द्यायची नाही आणि तिच्यात ब्लीचिंगचं पाणी कधी घालायचं नाही. गाळणं फारच मंदावलं तर वरची बोटभर वाळू काढा, संपूर्ण उपसू नका. फ्युजारियमची मर मात्र ही गाळणी पूर्ण थांबवत नाही. ज्या ट्रेमध्ये मर दिसली तो ट्रे आणि त्याखालचं पाणी, दोन्ही बाहेर.

गाळणी होईपर्यंत ब्लीचिंग पावडर चालते. स्वच्छ दिसणाऱ्या १,००० लिटर पाण्याला ताजी पावडर ७ ग्रॅमच्या आसपास, गढूळ असेल तर जास्त लागते. बादलीत कालवून निवळ तेवढी टाकीत ओता आणि अर्धा तास थांबा. ॲसिड आणि ब्लीचिंग कधीही एका भांड्यात आणू नका, विषारी वायू निघतो. खतंही त्या पाण्यात मिसळू नका.

प्रश्न: बोअरच्या पाण्याने पानांवर आणि ट्रेच्या कडांना पांढरं बसतं, ड्रिपरही बुजतात. पानांचे शेंडे जळतात. (गेवराई)

पांढरं बसतं तो चुना, शेंडे जळतात ते क्षारांनी. दोन्ही तपासा. पाण्याची ईसी, म्हणजे पाण्यात क्षार किती ते सांगणारा आकडा, ०.७५ डेसिसीमेन्स प्रति मीटरपर्यंत असेल तर रोपांना निर्धास्त द्या. दीडच्या वर गेली की मिरची आणि मोसंबीची रोपं कुरकुरायला लागतात, दोनच्या वरचं पाणी मी ट्रेला लावत नाही. कप्प्यात माती मूठभरही नसते, क्षार पसरायला जागाच नाही. उपाय पावसाच्या पाण्याचा: निम्मं बोअरचं, निम्मं टाकीतलं. वर पत्र्यांचा हिशेब दिलाय तो त्यासाठीच. ड्रिपर मोकळे करायला ॲसिड वापराल तर माहीतगार माणसाला विचारूनच, आणि ॲसिड पाण्यात घालायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही. आणलेलं कोकोपीट खारट असतं, ट्रे भरण्याआधी गोड्या पाण्याने धुवा. ते धुतलेलं पाणी विहिरीकडे जाऊ देऊ नका.

प्रश्न: आम्ही लातूर जिल्ह्यातल्या दहा जणी बचत गटातून रोपवाटिका करणार आहोत. शेवगा, सीताफळ, कढीपत्ता. पाणी नळाचं, आठ दिवसांनी एकदा येतं, आणि तीन ड्रम आहेत. घरचे म्हणतात, प्यायला नाही तिथे रोपं कसली. ताई, करावं का?

करा, बायांनो. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने तुमच्या शहराला पाणी आणावं लागलं, ते विसरलेलं नाही मी. घरच्यांची भीती खोटी नाही. म्हणून प्यायचं पाणी रोपांना घालायचं नाही, हे पहिल्याच बैठकीत ठरवून वहीत लिहा. तांदूळ-डाळ-भाजी धुतलेलं पाणी एका ड्रममध्ये साठवा आणि त्याच दिवशी वापरा. साबणाचं नको, पिशवीतल्या रोपाला ते सोसत नाही. दुसऱ्या दोन ड्रमांना घराची पन्हळ जोडा, तोंडाला कापड बांधा, डास व्हायला नकोत.

सुरुवात पाचशे पिशव्यांनी करा, पाच हजारांनी नाही. तुम्ही निवडलेली तिन्ही झाडं कमी पाण्यावर तगणारी आहेत, निवड उत्तम केलीत. पिशव्या जुन्या साडीच्या किंवा नेटच्या सावलीत, एकमेकींना खेटून, जमिनीत चार बोटं खोल वाफ्यात बसवा. उघड्यावर वाऱ्याने चारी बाजूंनी सुकतात, वाफ्यात एकमेकींची ओल धरतात. पिशवीत वरून सोयाबीनचं भुसकट घाला, तुमच्याकडे त्याला तोटा नाही. पाणी झारीने आणि पिशवीच्या तोंडातच. शेवग्याचं बी मे अखेरीस लावा, म्हणजे रोपं वाढतील ती पावसावर, आणि श्रावणात विकून मोकळ्या व्हाल. उन्हाळ्यात सांभाळायला रोपं उरतीलच कशाला?

वहीत रोज लिहा, किती झाऱ्या घातल्या आणि कोणी. पहिल्या महिन्याची वही मला पाठवा, आकडे पाहून पुढचं सांगते.